तीन किलो चारशे ग्रॅम पितळ

कायद्याच्या तराजूत प्रत्येक वस्तूची खरी किंमत ठरते, असे मी नोकरीभर नव्या शिपायांना सांगत आलो. ते सांगताना चाकण पट्ट्यातले एक प्रकरण दर वेळी डोळ्यांसमोर यायचे. वाक्य मात्र मी बदलले नाही.

महाळुंग्यातल्या एका कंपनीतून यंत्रात बसवायचे पितळी बुश चोरीला जात होते. एके दिवशी खबऱ्याचा फोन आला. "साहेब, काळेवाडीत पितळाचा दोन लाखांचा सौदा ठरलाय. माणूस त्याच कंपनीतला, कामावरून कमी केलेला." तासाभरात आम्ही छापा घातला. दहा बाय बाराच्या खोलीत, कॉटखाली, चादरीत गुंडाळलेले वाफेचे रेल्वे इंजिन सापडले. हातभर लांब, अख्खे पितळेचे. चाक फिरवले की दांडे हलत. हवालदाराने दोनदा फिरवून पाहिले, मग मीही.

माणूस पन्नाशी ओलांडलेला, लातूरकडचा, टूलरूमचा कारागीर. चौकशीत मी त्याला अरे-तुरेच केले. ठाण्यात वय विचारतात ते रकाना भरण्यासाठी. इंजिन बनवायला नऊ वर्षे लागली, असे त्याने सांगितले. पितळ जुन्या बाजारातल्या नळांचे आणि बॉयलर बायकोच्या रुखवतातल्या हंड्याचा. चिंचवडचा एक शौकीन दोन लाख देणार होता. त्यातून जुने लेथ मशीन घेऊन घरीच काम सुरू करायचे, एवढीच त्याची उमेद शिल्लक होती.

"हंडा माझाच हाय, मीच दिला," बायको म्हणाली. "नळाला पाणीच येत न्हाई, तर हंड्याचं करायचं काय?"

खेळण्याचे दोन लाख, हे ठाण्यात कोणालाच पटेना. कंपनीचे स्टोअर ऑफिसर तक्रारदार म्हणून आले होते. आमच्या प्रत्येक बुशवर शिक्का असतो, आत तेच निघतील, खोलून पाहा, असे ते म्हणाले. दोन पंचांपैकी एक समोरचा भंगारवाला होता, कारण त्याला पितळ कळते आणि दुपारी तो मोकळा असतो.

"साहेब, मला खोलू द्या," कारागीर म्हणाला. "नाहीतर हात बांधा. कुठून सुरू करायचं ते नुसतं तोंडानं सांगतो."

आरोपीला मुद्देमालाजवळ येऊ देत नाहीत. मी त्याला बाहेर बाकावर बसवले. जोड डाख देऊन झाळलेले होते. पक्कडीने निघेनात, तेव्हा करवत आणली. तिचा आवाज बाकापर्यंत स्पष्ट जात होता. शिक्का एकाही तुकड्यावर निघाला नाही. पंचनाम्यात लिहिले: पितळ, तीन किलो चारशे ग्रॅम, अंदाजे किंमत सतराशे रुपये.

मग जे आधी करायचे ते मी केले. कंपनीच्या गेटपासची पुस्तके मागवली. बुश कमी झाले त्या प्रत्येक दिवशी कँटीनच्या खरकट्याचा टेम्पो जादा फेरीला बाहेर गेला होता, आणि पासवर सही स्टोअर ऑफिसरची होती. तिसऱ्या प्रश्नाला ते रडले. त्यांना मी शेवटपर्यंत अहो-जाहो केले.

न्यायालयाचा आदेश आल्यावर मुद्देमाल परत देण्याचा समारंभ झाला. सभागृह, फुलांची कमान, तीन भाषणे. कारागिराला मंचावर बोलावून गुलाबाचे फूल आणि सीलबंद पोते दिले. खाली उतरल्यावर मी त्याला विचारले, "पुन्हा जोडता येईल का हो?"

"डोळे होते तेव्हा जोडलं, साहेब."

शौकिनाने नाद केव्हाच सोडला होता. कारागीर आता एका कंपनीच्या गेटवर बाहेर पडणाऱ्यांच्या पिशव्या तपासतो.

या प्रकरणाने काय शिकवले, असे लोक विचारतात. करवतीआधी रजिस्टर पाहावे, एवढेच. आणि ते मला आधीपासूनच माहीत होते.

पोहोच पावतीवर सही घेण्यापूर्वी माल त्याच्यासमोर पुन्हा तोलला. करवतीचा भुसा वेगळ्या पुडीत जपून ठेवला होता. तो धरून वजन बरोबर तीन किलो चारशे भरले.