मामांची गाठ आणि गाऱ्हाणं

दहिसरपासून मालवणपर्यंत शोधलंत तरी स्वतःच्या आजाराचा इतका अभिमान बाळगणारा माणूस माझ्या बायकोच्या मामांशिवाय दुसरा सापडायचा नाही. पित्ताच्या खड्यांच्या संशयावरून तपासणी केली. खडे नव्हते, पण स्वादुपिंडावर द्राक्षाएवढी पाण्याची गाठ निघाली. डॉक्टरांनी समजावलं की अशा बहुतेक गाठी जन्मभर गप्प बसतात, एखादीच कॅन्सरकडे वळते. ती कुठली हे वेळेत कळावं म्हणून हॉस्पिटल अशा पेशंटांची नोंद, म्हणजे रजिस्ट्री, ठेवतं आणि दरवर्षी एमआरआय करतं. दुसरा कोणी हे ऐकून हबकला असता. मामांनी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. "सोसायटीच्या कमिटीत माका कोणी घेतल्यानी नाय. हय मोठ्या डॉक्टरांनी आपणहून नाव घातल्यानी!"

रजिस्ट्रीचं काम बघणारी मुलगी अधूनमधून फोन करते. तो आला की मामा स्पीकर लावून गॅलरीत जातात. शेजाऱ्यांची सोय व्हायला नको का? "काका, वजन कमी झालंय का?" असं तिनं विचारलं की, "माझा नाय, पण आमच्या हिचा वाढला, ता लिव," हे ठरलेलं उत्तर. घरात आधी कोणाला स्वादुपिंडाचा कॅन्सर होता का, असं तिनं पहिल्यांदा विचारलं तेव्हा मात्र मामांनी स्पीकर बंद केला होता. "थोरल्या भावाक," एवढंच हळू आवाजात म्हणाले आणि आत गेले.

एमआरआयच्या दिवशी त्यांना न्यायचं काम माझ्याकडे. रजिस्ट्रीतल्या बऱ्याच जणांना त्याच दिवशी बोलावतात. पहिल्याच वर्षी तिथल्या बाकांसमोर उभं राहून त्यांनी हात जोडले आणि खणखणीत आवाजात मालवणी गाऱ्हाणं, म्हणजे देवाला साकडं, घातलं, "बा देवा म्हाराजा, हय बसलेल्या समद्यांच्या गाठी हत तेवढ्याच ऱ्हवांदेत रे म्हाराजा!" मी साताऱ्याचा, लाजून पाण्याच्या मशीनमागे दडलो. पण घाटकोपरच्या एक गुजराती आजी सर्वांत मोठ्यानं "व्हय म्हाराजा!" म्हणाल्या आणि मग दरवर्षी सगळे मामांची वाटच पाहू लागले.

एका वर्षी एमआरआयनंतर फोन आला आणि मामांनी स्पीकर लावला नाही. गाठ वाढली होती. तोंडातून दुर्बीण घालून, सुईनं पाणी काढून तपासायचं ठरलं.

त्या तपासणीच्या दिवशी मामा बाकावर डोळे मिटून बसले होते. मी म्हणालो, "मामा, घाला ना गाऱ्हाणं."

"समद्यांचा मी घालतंय," ते म्हणाले. "माझा कोण घालतलो?"

मी उठलो, हात जोडले, आणि माझ्या सातारी मालवणीत थेट मामांच्या गाठीपासूनच सुरुवात केली. मामांचे डोळे मिटलेलेच होते. "जावयबापू, राखणदाराक इसारलात! आधी गावच्या राखणदार देवाक हाक मारूची, मगे बाकीचा!" मी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. त्या दिवशी तपासणीलाच आलेल्या घाटकोपरच्या आजी, ती रजिस्ट्रीवाली मुलगी, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. शेवटचा आवाज मामांचा होता, अगदी बारीक.

कॅन्सर नाही निघाला. आता वर्षाऐवजी सहा महिन्यांनी यायचं, एवढंच. मामांनी त्यालाही बढती म्हणून पेढे वाटले. मामी मात्र देवघरात बराच वेळ बसून होत्या.

गाऱ्हाणं आता दर वेळी मीच घालतो. अख्खं पाठ झालंय मला. तरी राखणदाराला मी मुद्दाम विसरतो आणि मामा कधी ओरडतात याची वाट पाहत उभा राहतो.