मिरकरवाड्यावरचे लायब्ररीवाले

सन १९३४. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो, आणि सबंध रत्नागिरीत माझ्याइतका हट्टी माणूस दुसरा नाही अशी माझी पक्की खात्री होती. ही खात्री ज्यांनी मोडली ते आमचे लायब्ररीवाले. त्यांचं खरं नाव घेण्यात अर्थ नाही, कारण मिरकरवाड्याच्या बंदरावर ते कुणाला ठाऊकच नव्हतं. वर गावात वाचनालय होतं, हे तिथले ग्रंथपाल होते आणि जगातल्या प्रत्येक माणसाच्या हातात एक पुस्तक असलं पाहिजे या एका गोष्टीवाचून त्यांना दुसरं काही सुचत नसे. माणूस जेवत असो, भांडत असो, तापानं फणफणलेला असो, यांचं आपलं एकच, "काय वाचता सध्या?"

अंगानं काडी. डोक्यावर टोपी, कोटाला वरपासून खालपर्यंत बटणं, आणि धोतराचा सोगा नेहमी चिखलात. पाऊस कितीही असो, त्यांची छत्री काखेतल्या पुस्तकावर धरलेली असायची आणि ते स्वतः पागोळीखाली उभे राहिल्यासारखे निथळत यायचे. माझी बायको त्यांना भाऊ म्हणायची. ती एकदा म्हणाली, "भाऊ, छत्री वाईच डोक्यावर धरा हो." तर म्हणाले, "वहिनी, मी वाळतो. पुस्तक वाळत नाही, फुगतं."

लग्नकार्यात त्यांना बोलवायची लोकांना भीती वाटे. पंगतीत कुणीतरी श्लोक म्हणायचा रिवाज होता. यांची पाळी आली की हे उठून उभे राहायचे आणि वाचनालयात नवीन काय आलं आहे ते घोळवून घोळवून, श्लोकाच्या चालीवर सांगायचे. एकदा मुलीचा बाप कळवळून म्हणाला, "अहो, आधी भात तरी येऊ द्या!" हळदीकुंकवाच्या दिवसांत त्यांनी आपल्या बायकोला भरीस पाडून समारंभ वाचनालयातच करवला. हेतू असा की बायकांनी एकदा तो उंबरठा ओलांडावा. बायका आल्या, नावं घेतली, तिळगूळ खाल्ला, आणि जाता जाता एक म्हातारी कपाटांकडे बघून म्हणाली, "अगो बाय, एवढी पुस्तका पुसता कोण?" लायब्ररीवाले ही गोष्ट आम्हाला सांगताना रागावले नव्हते. उलट म्हणाले, "बघा, कपाटांकडे लक्ष तर गेलं!"

आमच्या आळीतला एक खलाशी डोलकाठीवरून पडला आणि त्याचा पाय मोडला. सगळे भेटायला गेले, हेही गेले. खाटेशी बसून त्याच्या पायाला बांधलेल्या फळ्या निरखल्या आणि हर्षभरानं म्हणाले, "छान झालं! आता चार महिने हलायचं नाही. म्हणजे मोठं पुस्तकसुद्धा होईल." त्याच्या बायकोनं केरसुणी उचलली. लायब्ररीवाले बंदरावर धावताना लोकांनी तेवढे एकदाच पाहिले. पण गंमत अशी की पळतानाही पुस्तक खाटेवर ठेवूनच पळाले, आणि तो खलाशी ते पुढं चित्रांपुरतं का होईना पण उघडून बघायला लागला.

मासळीच्या लिलावात तर त्यांनी कहर केला. पुकारा करणारी आमच्याकडे एक म्हातारी होती, तिचा आवाज भाट्याच्या खाडीपलीकडे जाई. हे सकाळी येऊन बांगड्याच्या पाट्यांच्या रांगेत आपली पुस्तकांची पाटी ठेवून उभे. म्हणे, "आजी, माझाही पुकारा करा."

"बोल तर, भाव काय धरू?"

"भाव नाही. फुकट वाचायला न्यायचं आणि परत आणून द्यायचं."

म्हातारीनं कमरेवर हात ठेवले. "फुकट देतंस, वर परत मागतंस. मग लिलाव कसला रे झिला? तुझा डोका कुणी बघितलान काय?"

सगळं बंदर हसलं. हेही हसले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी घेऊन हजर. शेवटी म्हातारीलाच कीव आली आणि ती बांगडे संपले की पुकारायला लागली, "चला, आता भाऊची बिनकाट्याची मासळी!"

लोकांनी चार पुस्तकं नेली, खोटं का बोला. आपल्याला नाही तर शाळेत जाणाऱ्या नातवाला म्हणून नेली. ती परत गेली तेव्हा तंटा झाला. वाचनालयाच्या मंडळात मोठी मोठी माणसं होती, वकील, पेन्शनर, असे. त्यातल्या एका पेन्शनरांनी वेदान्तावरचं पुस्तक उघडलं, तर मायेच्या प्रकरणात बांगड्याचं खवलं निघालं. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि मग त्यांचं जेवण गेलं. मंडळ बसलं. ठरलं असं, की हे पेटीत भरून पुस्तकं बंदरावर नेणं नारळी पौर्णिमेपर्यंतच चालेल. तोवर बंदरावरचा एक तरी माणूस आपल्या पायांनी वाचनालयाच्या पायऱ्या चढून आला आणि स्वतःसाठी पुस्तक मागितलंन, तर पेटी पुढं चालू. नाही आला तर बंद. ही अट आम्हाला तेव्हा माहीत नव्हती. त्यांनी सांगितलीच नाही. तुम्हाला मात्र आधीच सांगून ठेवतो.

आता माझं सांगतो. माझा स्वतःचा मचवा होता, त्यावरच्या खलाशांचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, मीच होतो. दुसरीत असताना मी शाळा सोडली. शाळेनं मला काढलं असं काही लोक सांगतात, ते खोटं. मी सोडली. मला वाचता येत होतं. सावकाश येत होतं, एवढंच. बोट ठेवल्याशिवाय अक्षर जागेवर राहत नसे आणि तोंडानं म्हटल्याशिवाय अर्थ लागत नसे. एकदा बाजारातून येताना वाचनालयाच्या खिडकीतून आत बघितलं होतं. चष्मेवाली माणसं ओठ न हलवता भराभर पानं उलटत होती. त्या माणसांसमोर बसून मी क-ला-काना-का करणार नव्हतो. मी बंदरावर जाहीर करून टाकलं, की मी काही त्या पायऱ्या चढणार नाही. आणि तांडेल चढत नाही म्हटल्यावर बाकी कोण चढणार?

लायब्ररीवाल्यांनी मला एका शब्दानं आग्रह केला नाही. पावसाळा लागला, मचवे वर ओढून माडाच्या झापांनी शाकारले, आणि आम्ही मांडवात जाळी दुरुस्त करायला बसलो. या कामात हात अडकलेले, कान मोकळे. हे त्यांनी बरोबर हेरलं. दुपारी पेटी घेऊन यायचे, उपड्या टोपलीवर बसायचे आणि एक लांबलचक कादंबरी मोठ्यानं वाचायचे. त्यात एका सावकाराची मुलगी होती, तिच्यावर जीव असलेला गरीब खलाशी होता, आणि मुलीचा काका होता. हा काका इतका नीच होता, की त्यानं तिला किल्ल्यात कोंडलं त्या दिवशी आमच्यातल्या एकानं रागाच्या भरात वीतभर जाळं उलट्याच गाठींनी विणलं. त्या जाळ्याला आम्ही पुढं काकाचं जाळं म्हणत होतो. त्यात मासळी कमी यायची आणि शिव्या काकाला पडायच्या.

वाचायचे मात्र काय! काकाचा आवाज वेगळा, मुलीचा वेगळा. मुलगी रडली की यांचंही नाक लाल. मध्येच कुणी विडी पेटवायला उठला तर वाचन थांबायचं आणि तो परत बसेपर्यंत चष्म्यावरून नुसतं बघत राहायचे. एक दिवस म्हणाले, तुम्ही माझं ऐकता, मी तुमचं काम शिकतो. सुई घेतली आणि अर्ध्या तासात आपलं धोतर जाळ्यात विणून बसले. सोडवायला दोन माणसं लागली. तोवर तसेच बसून वाचत होते.

पौर्णिमा दोन दिवसांवर आली आणि कादंबरीचं शेवटचं प्रकरण उरलं. खलाशी मुलीच्या शोधात तुफानात होडी घालतो, इथं येऊन त्यांनी पुस्तक मिटलं.

"शेवटचं प्रकरण उद्या चार वाजता. वाचनालयात."

"का? इथं काय झाला?" मी म्हटलं.

"इथं काही झालं नाही. तिथं बाकडी आहेत."

"आम्हाला बाकड्यांची सवय नाय."

"होते सवय."

"तुम्हाला जाळ्याची झाली काय?"

मांडव हसला. लायब्ररीवाले हसले नाहीत. पेटी उचलली आणि गेले. मी सगळ्यांना बजावलं, "एकानं जायचा नाय. त्यांचा हट्ट, तर आपला पण हट्ट. गरज असेल तर येतील खाली." कुणी गेलं नाही. पण दुसऱ्या दिवशी चार वाजले तेव्हा मांडवात कुणाचं कामात लक्ष नव्हतं. खलाशी वाचला की बुडाला यावर दोघं सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले.

दिवस मावळायच्या सुमारास लायब्ररीवाले आले. श्रावणातली सर नुकतीच येऊन गेली होती, पाय मांड्यांपर्यंत माखलेले. कुणाला नमस्कार नाही, की काय वाचता सध्या नाही. टोपलीवर बसले. "वाचतो. गप्प ऐका," म्हणाले.

ते शेवटचं प्रकरण मी जन्मात विसरणार नाही. होडी फुटली, डोलकाठी गेली, खलाशी फळीला धरून तीन रात्री राहिला, आणि चौथ्या दिवशी सकाळी किनाऱ्याला लागला तर समोर ती मुलगी उभी. म्हाताऱ्या माणसांनी डोळे पुसले. दोघं भाऊ बोलायला लागले. मला एवढंच विचित्र वाटलं, की लायब्ररीवाल्यांनी बराच वेळ पान उलटलं नाही. म्हटलं, डोळे भरून आले असतील.

सगळे उठले, तरी ते पेटीतली पुस्तकं पुन्हा पुन्हा नीट लावत बसले होते. मी जवळ गेलो. मग कळली ती मंडळाची अट. उद्या मुदत संपते, पेटी आता यायची नाही.

"मग आधी सांगायचा नाय होय?" मी ओरडलोच. "मी आजच वर आलो असतो दहा माणसा घेऊन!"

"म्हणूनच सांगितलं नाही, तांडेल. तुम्ही माझ्यासाठी आला असता. मला पुस्तकासाठी आलेला माणूस हवा होता."

"आणि मग आज कशाला वाचलाव? हट्ट सोडलाव तो?"

त्यांनी पेटीची कडी लावली. "उद्या तुम्ही दर्याला नारळ देणार, मचवे लोटणार. म्हणून आलो," म्हणाले, आणि डोक्यावर पेटी घेऊन चढण चढायला लागले. मी घेतो म्हटलं तर देईनात.

त्यांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. ते असताना बंदरावर लोक त्यांना हसले तेवढे कुणाला हसले नसतील, आणि ते गेले त्या दिवशी लिलाव झाला नाही. पुकारणारी म्हातारी नुसतीच पाट्यांमध्ये बसून राहिली. पेटी मात्र त्या पौर्णिमेनंतरही येत होती. पुढं तिच्यात माझ्या मुलांनी पुस्तकं निवडली, आता नातवंडं वाचतात, ओठ न हलवता. मी ती कादंबरी स्वतः वाचून काढली. वाचता वाचता पुढचा शिमगा आला, पण काढली. शेवटचं प्रकरण तर तीनदा वाचलं, कारण बोट चुकलं असेल असं वाटलं. बोट चुकलं नव्हतं. पुस्तकातला खलाशी परत येत नाही. होडी फुटते आणि तो बुडतो. फळी नाही, तीन रात्री नाहीत, किनारा नाही. किनाऱ्यावर मुलगी उभी असते, एवढं फक्त खरं.

याबद्दल मी त्यांना कधी विचारलं नाही. मांडवात कुणाला सांगितलंही नाही. आज पहिल्यांदा सांगतो आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्या रात्री मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं, की ते माझ्याहून हट्टी निघाले आणि ही गोष्ट मला सहन होण्यासारखी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली, धुवट सदरा घातला, नारळाची तयारी बायकोवर टाकली आणि एकटाच वर गेलो. वाचनालयाच्या पायऱ्या चढलो. आत तेच पेन्शनर वर्तमानपत्र वाचत होते. लायब्ररीवाल्यांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, मी त्यांच्यासाठी आलो.

"ती किल्लेवाली कादंबरी द्या," मी म्हटलं. "मी स्वतः वाचणार. तुम्ही काही पानं गाळलीत असा माझा वहीम आहे."

ते वळले आणि कपाट उघडलं. पुस्तक आणून दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. मी बाकड्यावर, पेन्शनरांच्या बरोबर समोर बसलो, पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं, आणि बंदरावर हाक मारतात तसल्या आवाजात वाचायला सुरुवात केली.