पुंगळी काढलेल्या गाडीचा आवाज

आमच्या गल्लीत कुणी पुंगळी, म्हणजे सायलेन्सर, काढलेली मोटरसायकल सुरू केली, की माझ्या हातातलं काम थांबतं. छाती धडधडते, तळहात ओले होतात आणि नजर दाराकडं जाते. कोल्हापुरात राहून या आवाजाला भ्यायचं म्हणजे कोल्हापुरात राहून तिखटाला भिण्यासारखं आहे, हे मला कळतं. छातीला कळत नाही.

माझ्या सासरी म्हशी आहेत. दिवाळीच्या पाडव्याला म्हशीचा मालक असली गाडी फटफटवत पुढं सुटतो आणि शिंगं रंगवलेली, मोरपिसं लावलेली म्हैस त्या आवाजामागं पळत येते. दारात गाडी बंद करायची, म्हैस थांबली की घरच्या बाईनं तिला ओवाळायचं, अशी रीत. माझं माहेर शिक्षकांचं. म्हशीशी संबंध चहातल्या दुधापुरता. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला मी ताट घेऊन पायरी उतरले ती गाडी बंद व्हायच्या आधीच. नेमकी गाडी आणि म्हैस यांच्या मधे आले. पुढचं मला आठवतं ते असं: शिंगं, धूळ, अंगावर येणारं काळंभोर धूड आणि मी गटारीत.

धाकटे दीर, ज्यांची ती म्हैस, दर दिवाळीत फराळाला बसलं की म्हणतात, "वहिनी, म्हस तुमच्यापाशी येऊन उभारली की हो. तुमीच मागं सरताना पडलासा." सगळे हसतात. मग मीही हसत हसत माझी हकिकत सांगते. माझ्या हकिकतीत शिंगं दरवर्षी थोडी वाढतात.

मुलगी झाली. चालायला लागल्यापासून ती गोठ्यातच असते. म्हशीच्या गळ्यात पडते, तिच्याशी बोलते. मला एकच धास्ती लागली: माझी भीती हिला लागू नये. म्हणून राजारामपुरीतल्या एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडं गेले.

बाई म्हणाल्या, "भीतीची आठवण मेंदूत एकदा कोरली आणि संपलं, असं नसतं. ती आठवली की थोडा वेळ कच्ची होते. पुन्हा मुरताना त्या वेळी मनात जे असेल ते तिला चिकटू शकतं. दर दिवाळीला ती हकिकत सांगून लोणच्याच्या बरणीत ओला चमचा घालताय तुम्ही."

"पण मी तर हसत सांगते."

"आणि आतून?"



उपाय सोपा होता, म्हणजे सांगायला सोपा. सुरक्षित जागी तोच आवाज पुन्हा पुन्हा ऐकायचा. मी गोठ्यात म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहायची आणि दीर गाडी सुरू करायचे. आधी लांब, मग दारापाशी. सुरुवातीला मला रडूच यायचं. दीर म्हणायचे, "वहिनी, म्हस बगा की, रवंथ कराय लागलीया. तिला काय न्हाय, तर तुमास्नी काय?" दसऱ्यापर्यंत खरंच काही वाटेनासं झालं. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवी आठवण बसते, आणि गोठ्यात शिकलेलं गल्लीत उपयोगी पडेलच असं नाही, हे बाईंनी बजावलं होतं. मी मान डोलावली आणि घरी येऊन विसरून गेले.

यंदाच्या पाडव्याला लेकीला शेजारी घेऊन मी दारात उभी राहिले. वळणावर आवाज आला आणि गोठ्यातलं सगळं गोठ्यातच राहिलं. पण लेकीसमोर पळायचं नाही, ओरडायचं नाही, एवढं मी ठरवलं होतं. मी तोंडभर हसले. "बघ गं, कशी सजलीय," असंही म्हणाले. गाडी बंद झाली, म्हैस थांबली, मी ओवाळलं. दीर म्हणाले, "जमलं की वहिनी." मलाही वाटलं, जमलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं कौतुक वाटलं.

खाली बघितलं तर लेक म्हशीकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. किती वेळ, कोण जाणे.

"आई, तुझा हात का थरथरतोय?"

"ताट जड आहे गं."

तेवढ्यात शेजाऱ्यांची गाडी फटफटत वळणावर आली, आणि माझ्या आधी ती मागं सरली आणि तिनं माझ्या पदरात तोंड लपवलं.