हिंमतरावाचं सूप

"सुवर्णे, अवं झोपली काय वो? सूप मांडीवर घेऊन नुसती बसून राह्यली! मले मोबाईलात सारं दिसते!"

हिंमतराव मोताळ्याच्या चहाटपरीवरून फोनवर बोंबलत होता. त्याचं दाळीचं दुकान धामणगाव बढ्यात. क्यामेरा लावल्यापासून हा माणूस दुकानात कमी अन् मोबाईलात जास्त. पोत्यावर माशी बसली तरी तिले लाइव पाहे. घरी बायकोच्या मोबाईलातही त्यानं तेच चालू करून देलं होतं, म्हणजे त्याचा डोळा लागला तरी पहारा चालू.

सुवर्णा दुकानाच्या ओट्यावर तुरीची दाळ पाखडत होती. बरीच वर्षं त्याच ओट्यावर तिचं पोट चाललं. "पाखडूनच राह्यली न भाऊ," ती म्हणाली, "सुपाचा आवाज येत नाही काय?"

"आवाजाचं सांगू नको. क्यामेरा खोटं बोलत नाही. उद्यापासून येऊ नको!"

क्यामेरा बसवणारा शेखर दुकानातच उभा होता. त्यानं सुवर्णेचा फोन घेतला. "काका, नेट मंद झालं की क्यामेरा फोटू कमी धाडते. सूप खाली असतानाचा येते, वरचा गायब. मंग बाई बसल्यावानीच दिसन न!"

"तू तिचा वकील हायेस काय बे?" एवढं बोलून हिंमतरावानं फोन कापला. अक्कल तेवढीच.

सुवर्णा समोरच्या नारायणरावाच्या दाळीच्या दुकानाच्या ओट्यावर पाखडाले जाऊन बसली. तिथं क्यामेरा नाही. हप्ताभरात गिऱ्हाईकही तिकडंच वळलं, कारण हिंमतरावाच्या दाळीत फोलपटंच फोलपटं. रस्ता ओलांडून तिले बोलवाची लाज वाटली, म्हणून हा स्वतःच सूप घेऊन बसला. तर घरून बायकोचा, पुष्पांजलीबाईचा फोन.

"अहो, झोपले काय? सूप मांडीवर घेऊन नुसते बसून राह्यले!"

"पाखडून राह्यलो न वो!"

"क्यामेरा खोटं बोलत नाही म्हणे!"

समोरच्या ओट्यावर सुवर्णेचं सूप सपासप चालू होतं. हात न थांबवता ती म्हणाली, "भाऊ, सूप वर नेलं की घडीभर थांबा. मंग फोटू येईन."

यड्याले ते पटलं. सूप वर नेलं की हिंमतराव थांबे, क्यामेऱ्याकडं तोंड करे, मंग खाली आणे. फोलपटं होती तशीच दाळीत पडत होती. त्यानं पुन्हा सूप उचललं.