आतोबांची डिचोली लाईन

तुमच्या माहितीत असा एक तरी रेल्वेमार्ग आहे का, जो एका म्हातारीने "हय नाका", म्हणजे इथे नको, म्हटल्यावर वळला? रेल्वे राहू द्या. एखादा रस्ता, एखादे गटार, विजेचा एखादा खांब? नसणारच. माझ्या माहितीत आहे. तो आमच्या डिचोलीत आहे, आतेच्या घरच्या वसरीत, म्हणजे ओसरीवर, जिथे चवथीला गणपती बसतो बरोबर तिथे, दोन मेजे जोडून त्यांवर पसरलेला आहे. तो बांधणारे माझे आतोबा हे सबंध गोव्यात लोकांचे ऐकणारे एकमेव प्रकल्प अधिकारी आहेत, असे मी जबाबदारीने लिहिते. माझे बालपण प्रकल्पविरोधी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून गेले. बाबा पत्रके काढायचे, आता मी काढते, आणि आमच्या दोन पिढ्यांच्या पत्रकांनी अजून कुणाचे कुंपणसुद्धा वीतभर सरकलेले नाही. त्यामुळे आतोबांविषयी मला जे वाटते त्यात माया किती आणि असूया किती, हे मी तपासत नाही.

आतोबा मूळचे पेडण्याचे. पेडण्याला रेल्वे आहे, डिचोलीला नाही, आणि डिचोलीचा हा उणेपणा लग्नानंतर कळला, अशी तक्रार ते आतेच्या माहेरच्या माणसांकडे अजून करतात. नोकरी भूमापन खात्यात. वरून आखून आलेल्या रेषा जमिनीवर उतरवायच्या, लोकांच्या शिव्या खायच्या आणि घरी येऊन मुकाट पेज जेवायची, असे आयुष्य गेले. निवृत्त झाले त्या वर्षी जहाजावर काम करणाऱ्या मुलाने परदेशातून एक खोके आणले. त्यात इंजिन, डबे, रूळ आणि एक स्टेशन होते. स्टेशनच्या छपरावर बर्फ होते. आतोबांनी पाहिले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले आणि म्हणाले, "आमच्या हवामानाक हें चलचें ना." मग नारळ खवायच्या आडोळीवर त्यांनी ते बर्फ खरवडून काढले. त्या दिवशीच्या सोलकढीत नेमके काय काय उतरले, याची चौकशी आतेच्या दरबारात अजून प्रलंबित आहे.

त्या परदेशी स्टेशनाचे आतोबांनी असे काही गोंयकारपण केले की आता त्याच्या आईनेही ते ओळखू नये. भिंती जांभ्या चिऱ्याच्या, म्हणजे फुटक्या कौलाची भुकटी डिंकात कालवून लिंपलेल्या. बाजूला चहाचे दुकान. दुकानासमोर सायकलवर पावांची पाटी बांधलेला पोदेर, कारण पोदेर येत नाही तिथे गाडी तरी कशाला येईल, असे आतोबांचे म्हणणे. बाकांचे माप घ्यायला ते पेडणे स्टेशनवर फीत घेऊन गेले. तिथल्या हमालाने हटकले, "कितें मापता?" हे म्हणाले, "आमच्याकडे स्टेशन बांधतोय." हमाल खूश. "खंय?" "डिचोलीक." "केन्ना चालू जातलें?" आतोबांनी गंभीरपणे सांगितले, "गोंद सुकला की." ही बातमी डिचोलीत त्यांच्याआधी पोचली, आणि दोन जमीनदलाल घरी चौकशीला येऊन गेले.

डोंगर मात्र चहाचा आहे. चहाची गाळलेली पूड उन्हात वाळवली की तिची हुबेहूब डोंगरउताराची माती होते, हा शोध लागल्यापासून त्या घरात कुणी एक कप पिऊन सुटलेला नाही. "घे गो बाय, आणखी एक घे," म्हणतात तेव्हा तो पाहुणचार असतो असे मला बरीच वर्षे वाटले. झाडे वाळक्या घोसाळ्याच्या जाळीची, माड केरसुणीच्या हिरांचे. आणि कौले? कौलांचे प्रकरण माझ्या वर्मी लागणारे आहे. आतोबा माझ्या प्रत्येक पत्रकाच्या प्रती मागून घ्यायचे. मी मनात म्हणायची, खात्याने दाबून ठेवलेला माणूस अखेर जागा झाला. एकदा स्टेशनच्या छपराखाली वाकून पाहिले, तर आतल्या बाजूला माझ्याच अक्षरात 'जनतेला विश्वासात घेतल्याशिवाय' असे लिहिलेले. पुढचे पावळीबाहेर कापले गेले होते. "तुझो कागद दाट आसता," आतोबा मनापासून म्हणाले. "नळे बरे जातात." आतेने आतून भर घातली, "तुझी क्रांती थंय छपरार वाळत घातल्या!"

डिचोलीच्या खऱ्या नकाशाबरहुकूम रूळ पडले आणि हरकती सुरू झाल्या. आमोण्याहून आतेचा चुलतभाऊ आला. त्याने लाईन डोळे बारीक करून पाहिली आणि विचारले, "पावसात माज्या शेतातलें उदक खंय वतलें?" दुसरा कुणी हसला असता. आतोबांनी रूळ उचकटले आणि खालून मोरी काढली. कुणी म्हटले, देवळाच्या अगदी दारातून गाडी नको. देऊळ राहिले, लाईन मागे गेली. कुणाचा आंबा, कुणाचा बांध. ज्याने बोट ठेवले त्याचे ऐकले. मी बाजूच्या कदेलावर, म्हणजे खुर्चीवर, बसून हे बघायची आणि माझ्या पिशवीतली पत्रके मला उगाच जड लागायची.

मग एके दिवशी शेवंतीमावशी आल्या. त्यांचे खरे घर रस्ता रुंद झाला तेव्हा गेले. आता त्या पुतण्याच्या मागच्या खोलीत राहतात. मेजावर वाकून त्यांनी बराच वेळ शोधले आणि रुळांच्या मधोमध बोट टेकवले. "हय माजें घर. दार उदेंतेक, फाटल्यान बांय. तुझी गाडी माज्या चुलींतल्यान वता रे, भाऊ. हय नाका." दुसऱ्या दिवशी तिथे घर होते. पूर्वेला दार, मागे विहीर. आणि लाईन त्याला वळसा घालून अशी काही मुरडली होती की इंजिन तिथे आले की विहिरीत डोके घालून पडायचे. दर वेळी.

तेवढ्यात चवथ जवळ आली आणि आतेचा संयम संपला. "ह्या वसरीत गणपती बसतलो काय तुमची गाडी, तें एकदां ठरवा," ती म्हणाली. शेवटी तह झाला: गणपती मधे, फळापानांची माटोळी वर, रेल्वे बाजूला. मात्र आरतीनंतर सगळ्यांदेखत गाडीने एक पुरा फेरा मारायचा. मारला तर राहील. पडली तर विसर्जनानंतर सगळे मोडून माळ्यावर.

आतोबांनी आठवडाभर रूळ तासले. गाडी पडतच राहिली. शेवटी मी म्हणाले, "आतोबा, ते घर चार बोटे मागे घ्या. पुठ्ठ्याचे तर आहे." आयुष्यात पहिल्यांदा मी प्रकल्पाच्या बाजूने बोलले, तेही इतक्या सहज की माझे मलाच ऐकू आले नाही. त्यांना आले. हातातली कानस खाली ठेवून ते म्हणाले, "रस्त्याच्या वेळार फीत माझ्याच हातांत आसली, बाय. तेन्ना चार हातांचोच प्रश्न आसलो."

मी कानस उचलून परत त्यांच्या हातात दिली.

चवथीला वसरी भरली. आरती झाली. आते पदर खोचून उभी राहिली. शेवंतीमावशी पुढे होत्या. त्यांना तहाची अट कुणीतरी सांगितली असावी. "सरकय रे तें घर," त्या म्हणाल्या. "खरें गेलें, तांतूंत हें कितें?" आतोबांनी नकारार्थी मान हलवली. बटण दाबण्याआधी त्यांनी घराच्या दारासमोरचे रूळ उचलून काढले आणि तिथे केरसुणीच्या हिराचा आडवा तुकडा अडसर म्हणून चिकटवला. गाडी सुटली. मोरीवरून गेली, देवळामागून गेली, चहाचा डोंगर चढली, उतरली आणि मावशींच्या दाराशी येऊन थांबली. पुढे रूळच नव्हते.

"फेरो जालो ना," आते म्हणाली. मावशी त्या इवल्या दाराकडे बघत होत्या. आते त्यांच्याकडे बघत होती. मग ती एकदम वैतागून म्हणाली, "आणि माळ्यार उंदीर जाल्यात! थंय कितें दवरतले?" त्या माळ्यावर उंदीर आमच्या जन्माआधीपासून आहेत. त्यांची इतक्या गांभीर्याने दखल घरात प्रथमच घेतली गेली.

लाईन अजून वसरीतच आहे, अर्धवट. शेवंतीमावशी संध्याकाळी येतात, कदेलावर बसतात, गाडी दाराशी आली की "आयली मगे" म्हणतात आणि घरी जातात. परवा त्यांनी मागच्या दाराला एक दिवा मागितला. आतोबा तारेचे तुकडे शोधताहेत.

तेव्हा माझी एक विनंती आहे, आणि ती पत्रकासारखी बाजूला ठेवू नका. कुणाच्या तरी रेषेखाली तुमचे काही गेले असेल, घर, विहीर, एखादा फणस, तर डिचोलीला या. बाजारात 'रेल्वेवाल्यांचे घर' विचारलेत की कुणीही दाखवील. आत जा, मेजावर बोट टेकवा, दार कुठल्या दिशेला होते ते सांगा. आणि आतोबा चहा देतील तो नको म्हणू नका, दुसराही घ्या. डोंगराची एक बाजू अजून उघडी आहे.