वांग्याचा रंग

फाळ मी बिघडवले आणि दोष बाबांच्या डोळ्यांवर ढकलला. हे कागदावर उतरवायला मला तीन वर्षं लागली.

बाबा मल्हारगंजातले लोहार. आमचे पूर्वज संस्थानाच्या घोड्यांना नाल ठोकायचे. बाबांपर्यंत घोडे उरले नव्हते, भाता आणि ऐरण तेवढी उरली होती. गावोगावचे हिंदी बोलणारे शेतकरी मोडके कल्टिव्हेटर घेऊन यायचे. हातोडा उचलण्याआधी बाबा विचारायचे, "जमीन कैसी है? कहाँ अटका?" असं विचारता विचारता आमच्या काळ्या मातीत अवजार नेमकं कुठे वाकतं हे त्यांना पाठ झालं, आणि मग त्यांनी स्वतःचाच कल्टिव्हेटर बनवला. आज सांवेर रोडला आमचा कारखाना आहे. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाने उभा केलेला. इंजिनियर मी आहे, पण तिथलं एकही डिझाइन माझं नाही, हे मी अभिमानानेच सांगतो.

फाळांना पाणी द्यायचं काम मात्र बाबांनी कुणावर सोपवलं नाही. लालभडक फाळ पाण्यात बुडवला की कडक होतो, पण काचेसारखा तडकतो. म्हणून त्याला पुन्हा हलकी आच द्यायची आणि धातूवर चढणारा रंग बघत राहायचं. आधी पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. "वांग्याच्या रंगावर थांब," बाबा म्हणायचे, "पुढे गेलास तर मऊ पडेल."

पेरणीआधीच्या घाईत एक खेप निघायची होती. अर्धे फाळ करून बाबा दमून घरी गेले. उरलेल्यांना दुसरी आच न देताच मी वरून पेंट मारला आणि गाडीत चढवले.

आठवड्याभरात देपालपूरकडचे एक जुने गिऱ्हाईक तुकडे घेऊन आले. "भिया, ये तो पापड़ निकले."

मी म्हणालो, "क्या करें काकाजी, बाबा की नज़र अब वैसी नहीं रही."

बाबा दारातच उभे होते. दुसऱ्या दिवसापासून ते भट्टीकडे फिरकले नाहीत. मला वाटलं, रागावले असतील, निवळतील.

मग एका सकाळी भाजी निवडताना बायको हसत म्हणाली, "बाबांचं काय चाललंय? वांगं खिडकीशी धरून मला विचारतात, हे जांभळंच आहे ना?"

ते रागावले नव्हतेच. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

मी त्यांना गाडीत बसवलं. वाटेत त्यांनी विचारलं, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतोस का?"

"नाही. देपालपूरला."

"तिथे आता माझं काय काम?"

"तुमचं नाही. माझं आहे."

काकाजी अंगणात दोन शेजाऱ्यांबरोबर खाटेवर बसले होते. चहा सांगायला उठले, तेव्हा मी त्यांना थांबवलं.

"काकाजी, वो फाल बाबा ने नहीं, मैंने बिगाड़े थे. जल्दी में दूसरी आँच ही नहीं दी."

मग बाबांकडे वळलो. ते माझ्याकडे न बघता काकाजींकडे बघत होते.

"बाबा, तुमच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. मी खोटं बोललो, तेही तुमच्या गिऱ्हाइकापाशी. म्हणून माफी त्यांच्यासमोरच मागतो. मला माफ करा."