स्क्रू नसलेला पट्टा

भोकरदनच्या बसस्टँडसमोर वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओच्या आतले स्क्रू ते लोखंडी पेचकसानं कधी फिरवायचे नाहीत. त्यासाठी त्यांनी बांबूची एक काडी तासून ठेवली होती. लोखंड जवळ आलं की स्टेशन हलतं, आणि माणसाचा हातही तेच करतो. म्हणून काडी फिरवायची, हात मागे घ्यायचा, मगच ऐकायचं. माझा हात तिथंच रेंगाळला की ते ओरडायचे, "बाई, हात काढ! तू गेल्यावर बी ते वाजलं पाह्यजे."

पुढे इंजिनिअर होऊन मी पुण्यात जे करू लागले ते हेच होतं, फक्त भपका जास्त. एमआरआयच्या मशीनमध्ये रुग्णाच्या कमरेभोवती तांब्याच्या तारेचा पट्टा बांधतात, त्याला कॉइल म्हणतात. अंगातून येणारा अगदी क्षीण रेडिओ संदेश तो पकडतो. पण प्रत्येक अंग त्याचं स्टेशन थोडं हलवतं. जाड माणसाचं वेगळं, बारीक माणसाचं वेगळं. मग तंत्रज्ञ दरवेळी स्क्रू फिरवत बसणार आणि पाठदुखीनं कळवळणारा माणूस तसाच पडून राहणार. माझा पट्टा दोन-तीन सेकंदांत आपला आपण जुळायचा. त्यात माझी चार वर्षं गेली.

एकदा तो दाखवायला घरी आणला. वडिलांनी उलटसुलट करून पाहिला.

"स्क्रू कुठंय?"

"लागतच नाही."

"असू दे की एखादा. अडलं त काय करतीस?"

मी हसले. म्हटलं, अण्णा, जमाना बदलला. स्क्रू काढून टाकला हीच तर माझी शेखी होती.

जालन्याच्या एका दवाखान्यात जुन्या मशीनवर माझ्या पट्ट्याची चाचणी चालू होती, तेव्हा वडिलांच्या पायातली ताकद गेली. सहा महिन्यांत ते निम्मे झाले होते. त्यांना तिथंच नेलं. डॉक्टर आडपडदा न ठेवता बोलले. मणक्यात गाठ असावी. एकाच जागी असेल तर ऑपरेशन करू, वरपर्यंत पसरली असेल तर घरी न्या. मशीनचा मूळ पट्टा बंद पडलेला होता. राहिला माझा.

मीच बांधला. होता तेवढा आवळला. जुळणी झाली की पट्ट्यावरचा दिवा हिरवा व्हायला हवा होता, तो लालच राहिला. सोडून पुन्हा बांधला. लाल. चूक कळायला वेळ लागला नाही. मी तो अंगाऐवजी मिठाच्या पाण्याच्या बरण्यांवर आणि ऑफिसातल्या खात्यापित्या पोटांवर पारखला होता. इतकं वाळलेलं अंग माझ्या गणितातच नव्हतं. जुळणी टोकाला जाऊन अडकली होती आणि तिला जरा पुढं ढकलायला स्क्रू नव्हता. मला शरम वाटली. त्यानंतर बराच वेळ काहीच वाटलं नाही.

वडील छताकडे बघत म्हणाले, "अंग कमी पडून राह्यलं का?"

"हो."

"मंग भर घाल की काहीतरी."

मी नर्सकडून सलाईनच्या दोन भरलेल्या पिशव्या मागून घेतल्या, त्यांच्या दोन्ही कुशींना लावल्या आणि वरून पट्टा बांधला. दिवा हिरवा झाला.

बाहेर पडद्यावर चित्रं येऊ लागली. सवयीनं मी आधी खरखर शोधली, चित्रात ती ठिपक्यांसारखी दिसते. ती नव्हती. कमरेच्या आडव्या छेदात दोन्ही बाजूंना सलाईनच्या पिशव्या पांढऱ्याशुभ्र दिसत होत्या आणि मधे वडील, एवढेसे. मग उभं चित्र आलं. डॉक्टर बोटानं एकेक गाठ दाखवत वर गेले. पाच होत्या. प्रत्येकीची कड स्पष्ट. माझ्या पट्ट्यानं तोवर काढलेलं ते सगळ्यात चांगलं चित्र होतं, आणि हे माझ्या लगेच ध्यानात आलं याचा मला अजून राग येतो. रडू यायला पाहिजे होतं, आलं नाही.

आत जाऊन मी पट्टा सोडला, पिशव्या बाजूला ठेवल्या.

"आलं का?" वडिलांनी विचारलं.

"आलं."

"खरखर?"

"बिलकुल न्हाई."

त्यांचा चेहरा खुलला. "जमलं बाई तुला," ते म्हणाले. "मंग चल आता घरी."